मांजरीच्या अनाथ पिलांचे संगोपन

आई मेल्यामुळे, हरवल्यामुळे, आजारी पडल्यामुळे किंवा तिला पुरेसा पान्हा न फुटल्यामुळे पोरकी झालेली मांजरीची नवजात पिले माणसाने ऊब देऊन व वरचे दूध पाजून वाढविण्याची पद्धत. जन्मापासून सु. ८ आठवड्यांपर्यंतचा काळ या संगोपनात येत असला, तरी खरा धोका पहिल्या तीन आठवड्यांत असतो. मांजरीचा गर्भावधी सु. ६३ ते ६५ दिवसांचा असून एका वेतात साधारणतः ३ ते ५ पिले होतात. जन्मतः पिलाचे वजन बहुधा ९० ते ११० ग्रॅ. भरते. या वयात त्याचे डोळे मिटलेले व कान बंद असतात. अंगाची उष्णता टिकविणे, संसर्गाला तोंड देणे आणि मलमूत्र विसर्जन करणे या तिन्ही बाबतींत ते आईवर अवलंबून असते. त्यामुळे दूध पाजणे हा संगोपनाचा केवळ एक भाग ठरतो.

पिले खरोखर अनाथ आहेत की नाहीत, हे आधी ठरवावे लागते. मांजर आपली पिले सात घरी फिरवते, या लोकसमजुतीतील सात हा आकडा शब्दशः घ्यायचा नसला, तरी त्यामागचे निरीक्षण अचूक आहे. जागा असुरक्षित वाटली की मांजरी एकेक पिलू मानेच्या सैल कातडीला धरून हलविते, आणि या स्थलांतरात मागे राहिलेले पिलू पाहणाऱ्यास अनाथ वाटते. माळ्यावर, अडगळीत किंवा जिन्याखाली सापडलेली पिले स्वच्छ, उबदार, भरल्या पोटाची आणि शांत झोपलेली असतील, तर आई जवळपास असण्याचा संभव मोठा असतो व काही तास दुरून लक्ष ठेवणे इष्ट ठरते. याउलट मळलेली, गार पडलेली, सतत ओरडणारी आणि खपाटीला गेलेल्या पोटाची पिले लगेच उचलावीत. माणसाचा हात लागला की मांजरी पिलू टाकते, हा समज सहसा खरा ठरत नाही. आई परतण्याची शक्यता नसेल, तर नुकत्याच व्यालेल्या निरोगी मांजरीच्या अंगावर पिले लावणे हा सर्वांत चांगला उपाय होय. अशा मांजरी परकी पिले पुष्कळदा स्वीकारतात.

ऊब : अनाथ पिलाच्या मृत्यूचे कारण लोक बहुधा उपासमार मानतात, प्रत्यक्षात थंडी ही तितकीच, किंबहुना अधिक, घातक असते. पहिल्या आठवड्यात पिलाचे शारीरिक तापमान ३५° ते ३७° से. म्हणजे प्रौढ मांजराच्या ३८° ते ३९° से. तापमानापेक्षा कमी असते, आणि कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची क्षमता त्याच्यात अजून आलेली नसते. तापमान ३४°–३५° से.च्या खाली उतरल्यास आतड्यांची हालचाल मंदावते किंवा थांबते. अशा पिलाच्या पोटात घातलेले दूध पचत नाही, पोट फुगते आणि ते दूध उलटून श्वासमार्गात जाऊ शकते. म्हणून आधी ऊब आणि मगच दूध, हा क्रम कधीही मोडू नये. आपल्या करंगळीचे टोक पिलाच्या तोंडात घातल्यावर आतला भाग गार लागला व ते चोखण्याची धडपड करीत नसेल, तर ते दूध पाजण्याच्या स्थितीत नाही असे समजावे. गार पडलेले पिलू एक ते तीन तास घेऊन हळूहळू गरम करतात; एकदम शेक दिल्यास त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब घसरतो.

पहिल्या आठवड्यात पिलांच्या सभोवतालचे तापमान २९° ते ३२° से. ठेवून पुढे ते क्रमाने उतरवीत पाचव्या आठवड्याच्या सुमारास २४° से.पर्यंत आणता येते. खोक्याच्या एकाच बाजूला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवावी, म्हणजे उकडू लागल्यास पिलाला दुसऱ्या बाजूस सरकता येते. निवालेली पिशवी मात्र पिलाच्याच अंगाची उष्णता ओढून घेते, आणि पहाटे आढळणाऱ्या मृत्यूंमध्ये तिचा वाटा असावा. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात प्रश्न नेमका उलटा होतो; तेथे शेकाऐवजी पिलांना कूलरच्या थेट झोतापासून व अंगातील पाणी आटण्यापासून जपावे लागते.

चीक व प्रतिकारशक्ती : मांजरीच्या वारेतून गर्भाकडे प्रतिपिंडे फारच थोडी जातात, पिलाची सुरुवातीची प्रतिकारशक्ती जवळजवळ संपूर्णपणे चिकातून येते. ही प्रतिपिंडे आतड्यातून जशीच्या तशी रक्तात शोषली जाण्याचा काळ जन्मानंतर किती तासांचा असतो, याविषयी पूर्वी २४ तासांपर्यंतचा अंदाज दिला जाई. अलीकडील प्रयोगांवरून तो सु. १६ तासांत संपतो असे मानणे अधिक योग्य दिसते. त्यानंतर दिलेला चीक आतड्यातल्या आतड्यात काही संरक्षण देतो, पण रक्तातील उणीव भरून काढीत नाही. ज्यांना चीक मुळीच मिळाला नाही अशा पिलांना निरोगी, लसीकरण झालेल्या प्रौढ मांजराच्या रक्तातील रक्तद्रव त्वचेखाली टोचण्याचा उपाय २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानंतर रूढ झाला. दात्याचा रक्तगट जुळणे आवश्यक असल्याने तो पशुवैद्यानेच करावयाचा असतो. गाईचा चीक हा त्याला पर्याय नव्हे.

दूध : मांजरीच्या दुधाच्या घटनेविषयी संदर्भग्रंथांतील आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. प्रथिने बहुधा ७ ते ९ टक्के, मेद ५ ते १० टक्के व दुग्धशर्करा ३·५ ते ५ टक्के अशी व्याप्ती आढळते. या तफावतीचे कारण बव्हंशी नमुने दुग्धकालाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर आणि वेगवेगळ्या आहारावरील मांजरींपासून घेतले गेले, हे असावे. गाईच्या दुधात प्रथिने सु. ३·३ टक्के, मेद सु. ४ टक्के व दुग्धशर्करा सु. ४·८ टक्के असते. गाईच्या दुधाने पिलांना हगवण लागते, कारण त्यात दुग्धशर्करा फार असते, हे प्रचलित स्पष्टीकरण अपुरे आहे. टक्केवारी पाहिली तर फरक लहान वाटतो. परंतु गाईचे दूध पातळ असल्याने तेवढीच ऊर्जा मिळविण्यासाठी पिलाला ते बरेच जास्त प्यावे लागते, आणि ऊर्जेच्या प्रमाणात मोजल्यास त्याच्या पोटात दीडपट ते दुप्पट दुग्धशर्करा जाते. म्हशीचे दूध दाट असल्याने पिलांना मानवते, असे घरोघरी सांगितले जाते. त्यात मेद सु. ७ टक्के असल्याने ऊर्जा भरपूर मिळते हे खरे, पण प्रथिने जेमतेम ४ टक्के असल्याने ऊर्जेच्या प्रमाणात ती गाईच्या दुधाहूनही कमी पडतात. पिलू तृप्त दिसते आणि वाढ खुंटते. शेळीचे दूध घटनेत गाईच्या दुधाच्या जवळचे आहे, त्यामुळे त्याची ख्याती त्याच्या पोषणमूल्यापेक्षा मोठी आहे असेच म्हणावे लागेल.

याखेरीज टॉरीन या द्रव्याचा प्रश्न आहे. मांजराला ते स्वतःच्या शरीरात पुरेसे तयार करता येत नाही. त्याच्या अभावी डोळ्यातील दृष्टिपटलाचा ऱ्हास होतो हे १९७५ मध्ये, आणि हृदयाचा स्नायू दुबळा होऊन हृदय विस्फारते हे १९८७ मध्ये दाखविले गेले. मांजरीच्या दुधात टॉरीन विपुल असते. गाईच्या दुधात ते नगण्य असते. म्हणून मांजरीच्या पिलांसाठी तयार केलेली, टॉरीनयुक्त दूधभुकटीच वापरावी. ती मिळेपर्यंत एखाद्या रात्रीपुरते शेळीचे दूध चालवून घेता येते, त्याहून अधिक काळ नव्हे. साखर घातलेले दूध, चहाचे दूध व लहान मुलांची दूधभुकटी वर्ज्य समजावी.

पाजण्याची रीत : पिलाला दर १०० ग्रॅ. वजनामागे दिवसाला सु. २० किलोकॅलरी ऊर्जा लागते. भुकटी डब्यावरील प्रमाणात कालविल्यास ही गरज साधारणतः २० ते २५ मिलि. दुधात भागते. याच वजनाच्या पिलाच्या जठरात एका वेळी ४ ते ५ मिलि.च दूध मावते. म्हणून पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, पाजावे लागते. दुसऱ्या आठवड्यात हे अंतर तीन-चार तासांवर व पुढे चार-सहा तासांवर नेता येते. दूध मनगटावर कोमट लागेल इतके असावे. पिलाला पोटावर, आईच्या कुशीत जसे पालथे असते तसे, मान किंचित वर करून धरतात. तान्ह्या मुलाप्रमाणे उताणे धरणे ही सर्रास होणारी आणि प्राणघातक चूक आहे. बाटलीचे बूच पिलाने स्वतः चोखावे. सिरिंज वापरल्यास दट्ट्या दाबण्याची घाई करू नये. नाकपुड्यांतून दुधाचे बुडबुडे आले, तर पाजणे तत्काळ थांबवून डोके खाली करावे व नाक पुसावे. फुप्फुसात दूध गेल्याने होणारा न्यूमोनिया एक-दोन दिवसांनी धाप व मरगळ या रूपाने प्रकटतो.

दर पाजणीच्या वेळी कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने मूत्रद्वार व गुदद्वार हळुवार पुसावे लागते, कारण सु. तीन आठवड्यांपर्यंत या स्पर्शाशिवाय पिलू मलमूत्र विसर्जन करू शकत नाही. लघवी फिकट असावी. ती गडद पिवळी झाल्यास पाणी कमी पडत आहे असे समजतात.

वाढ व आजार : रोज एकाच वेळी वजन करणे ही प्रकृती जोखण्याची सर्वांत विश्वसनीय रीत असून त्यासाठी स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखविणारा काटा पुरतो. दिवसाला १० ते १५ ग्रॅ. वाढ अपेक्षित असते व दोन आठवड्यांत जन्मवजन दुप्पट व्हावे. वजन घटणे ही बहुधा आजाराची पहिली खूण असते. डोळे ७ ते १४ दिवसांत उघडतात. मिटलेली पापणी फुगून तिच्या कोपऱ्यातून पू झिरपत असेल, तर आत संसर्ग झालेला असतो व पशुवैद्याकडून पापणी उघडून घेणे निकडीचे ठरते. पिसवा लहान पिलाचे रक्त इतके शोषतात की हिरड्या पांढुरक्या पडतात. त्या बारीक दातांच्या फणीने काढाव्यात. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजरांना विषारी असते, तसेच पॅरासिटॅमॉलही. गोलकृमींचे (आतड्यातील जंतांचे) डिंभ म्हणजे अळ्या आईच्या दुधातून येत असल्याने जंतनाशकाची पहिली मात्रा सु. तिसऱ्या आठवड्यात देतात. गजकर्ण हा बुरशीजन्य रोग अशा पिलांपासून माणसांना सहज जडतो.

दूध तोडणे चौथ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होऊन आठव्यापर्यंत पूर्ण होते.

वर्तन : माणसाने वाढविलेली पिले पुढे भित्री किंवा आक्रमक होतात, हे जुने मत लवकर दूध तोडलेल्या पिलांवरील निरीक्षणांवर बरेचसे आधारलेले आहे. भावंडांसोबत वाढलेल्या पिलांत हा दोष कमी दिसतो, असे मानणारा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा काळ माणसाळण्यास निर्णायक असतो, म्हणून एकटे सापडलेले पिलू शक्य तर समवयस्क पिलांत, त्यांची प्रकृती तपासून, मिसळावे. ८ आठवड्यांआधी ते दुसऱ्या घरी देऊ नये.

तीव्र आंत्रशोथ घडविणारा पॅनल्युकोपेनिया आणि श्वसनमार्गाचे दोन विषाणुजन्य रोग यांवरील लस ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू करून १६ आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा देतात. रेबीजची लस सु. १२ आठवड्यांनंतर टोचतात.