जैविक अस्त्रांवर नजर ठेवणारे नागरिक : पार्श्वभूमी

जैविक अस्त्रे, म्हणजे रोगजंतू किंवा जीवजन्य विषे वापरणारी अस्त्रे, बनवणे, साठवणे आणि जवळ बाळगणे यांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २६ मार्च १९७५ रोजी लागू झाला. संहारक अस्त्रांचा एक अख्खा प्रकारच बेकायदा ठरवणारा हा पहिला करार. मात्र देश तो पाळतात की नाही हे पाहण्यासाठी निरीक्षकच नेमलेले नाहीत. रासायनिक अस्त्रांसाठी हेगमध्ये तपासनीसांची मोठी संस्था आहे. जैविक कराराला २००६ पर्यंत स्वतःचे कायमस्वरूपी कार्यालयही नव्हते, आणि त्या वर्षी मंजूर झाले तेही अवघ्या तीन माणसांचे. देखरेखीचे हे काम शास्त्रज्ञ, विद्यापीठे आणि स्वयंसेवी संस्थांनी आपणहून अंगावर घेतले. या विषयात जे पुराव्यानिशी कळले आहे, त्यातला मोठा वाटा त्यांचा आहे.

१९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉल या कराराने जंतूंचा युद्धात वापर निषिद्ध केला, पण ते तयार करायला मोकळीक राहिली. जपानच्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीने ईशान्य चीनमधल्या मांचुरियात कैद्यांवर प्रयोग केले. ब्रिटनने स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंचे बॉम्ब फोडून पाहिले; ते बेट सुरक्षित असल्याचे जाहीर व्हायला १९९० साल उजाडले. याविरुद्ध संघटित आवाज उठला तो शास्त्रज्ञांमधूनच. १९५७ मध्ये सुरू झालेल्या पगवॉश परिषदांत शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंचे संशोधक एकत्र बसू लागले. अमेरिकेत हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसलसन यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये सुमारे ५,००० वैज्ञानिकांच्या सह्यांचे निवेदन अध्यक्षांकडे गेले. २५ नोव्हेंबर १९६९ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी अमेरिकेचा आक्रमक जैविक कार्यक्रम बंद केला आणि कराराची वाट मोकळी झाली.

पुढची दोन प्रकरणे मला या साऱ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटतात, कारण त्यांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध दिशांना जातात.

१९८१ मध्ये अमेरिकेने आरोप केला की लाओस आणि कंबोडियात सोव्हिएत पाठबळाच्या फौजा विमानांतून विष फवारत आहेत. पानांवर पडलेल्या पिवळ्या ठिपक्यांमुळे त्याला ‘पिवळा पाऊस’ म्हटले गेले. मेसलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ठिपके तपासले तेव्हा त्यांत परागकण सापडले. जंगली मधमाश्यांचे थवे हवेत उडताना विष्ठा टाकतात, तीच ती. स्वतःच्याच सरकारने केलेला आरोप त्यांनी मोडीत काढला.

दुसरे प्रकरण स्वेर्दलोव्स्कचे. एप्रिल १९७९ मध्ये या सोव्हिएत शहरात अँथ्रॅक्सने किमान ६६ माणसे दगावली. दूषित मांस खाल्ल्याने हे घडले, असे सरकार सांगत राहिले आणि मेसलसन यांनाही तो खुलासा बराच काळ संभवनीय वाटत होता. १९९२ मध्ये त्यांना तिथे जाता आले. केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेने रुग्णालयातली कागदपत्रे उचलून नेली होती, पण फाइना अब्रामोवा आणि लेव्ह ग्रिनबर्ग या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी ऊतींचे नमुने जिवावर उदार होऊन जपले होते. त्यांत आजार फुप्फुसांतून शिरल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. समाजशास्त्रज्ञ जीन गिलमिन यांनी घरोघरी जाऊन मृतांच्या नातेवाइकांशी बोलून, कोण कधी कुठे होते हे टिपले. नकाशावर ती ठिकाणे मांडली तेव्हा शहरातल्या एका लष्करी केंद्रापासून दक्षिणेकडे जाणारा सुमारे ४ किलोमीटरचा चिंचोळा पट्टा उमटला. त्याच रेषेत पुढे ५० किलोमीटरपर्यंत गुरेमेंढ्या मेल्या होत्या. २ एप्रिलला वारा नेमका त्याच दिशेने वाहत होता, हे विमानतळाच्या हवामाननोंदींत सापडले. जंतू लष्करी केंद्रातून निसटले होते. करार मोडला गेला होता. हे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. निरीक्षकांचा अधिकार नसताना, थडगी, नातेवाइकांच्या आठवणी आणि जुन्या नोंदी यांतून हे सिद्ध झाले, याचे मोल फार मोठे आहे.

याच सुमारास कराराला तपासणीची जोड देण्यासाठी वाटाघाटी सुरू झाल्या. जुलै २००१ मध्ये अमेरिकेने त्यांतून तयार झालेला मसुदा फेटाळला. काही महिन्यांतच अँथ्रॅक्सची भुकटी घातलेल्या पत्रांनी अमेरिकेतच पाच जणांचा बळी घेतला. सरकारांकडून तपासणीची आशा मावळल्यावर स्वयंसेवी संस्थांनी भूसुरुंगविरोधी चळवळीचा कित्ता गिरवला. भूसुरुंगांबाबत कोणता देश काय करतो याचा अहवाल तिथे कार्यकर्तेच दरवर्षी काढत. त्या धर्तीवर जिनिव्हात ‘बायोवेपन्स प्रिव्हेन्शन प्रोजेक्ट’ उभा राहिला आणि २०१० मध्ये त्याच्या ‘बायोवेपन्स मॉनिटर’चा पहिला अंक निघाला. लंडनची ‘व्हर्टिक’ ही संस्था देशोदेशींच्या सरकारांना करारानुसार कायदे करायला मदत करते. ‘सनशाइन प्रोजेक्ट’ या संस्थेची पद्धत आणखी थेट होती : माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करायचे आणि प्रयोगशाळांच्या सुरक्षा समित्यांची इतिवृत्ते मागवायची. टेक्सासमधल्या एका विद्यापीठात २००६ मध्ये कर्मचाऱ्याला झालेला ब्रुसेला या रोगकारक जंतूंचा संसर्ग कळवलाच गेला नव्हता, हे अशाच अर्जांतून बाहेर आले. धोकादायक जंतूंवरचे तिथले संशोधन थांबवले गेले आणि विद्यापीठाला १० लाख डॉलर भरावे लागले. निधीअभावी २००८ मध्ये ‘सनशाइन’चेच काम थांबले. या क्षेत्रात पैशांची चणचण नेहमीची आहे, आणि इतक्या उपयोगी संस्थेला तिच्यापायी बंद पडावे लागले हे मला अक्षम्य वाटते.

आपल्या प्रयोगशाळांची आणि असाधारण साथींची माहिती देशांनी दरवर्षी द्यावी, असे कराराच्या १९८६ च्या आढावा परिषदेत ठरले. पुष्कळ देश ती देतच नाहीत, आणि देणाऱ्यांपैकी अनेक ती फक्त इतर सदस्य देशांपुरती खुली ठेवतात. ती सर्वांसाठी खुली करा, ही संस्थांची जुनी मागणी आहे. डिसेंबर २०२२ च्या आढावा परिषदेने पडताळणीचा विषय पुन्हा चर्चेला घेणारा कार्यगट नेमला. २००१ नंतर हा विषय अशा रीतीने टेबलावर यायला दोन दशके लागली, आणि एवढा काळ तो विसरू न देण्याचे काम सभागृहाच्या मागच्या रांगांत बसणाऱ्या या संस्थांनी केले.