बाँडच्या सातबाऱ्यावर नवं नाव

नवा जेम्स बाँड कोण, यावर जळगाव-धुळ्यातही पोरं हिरिरीनं भांडतात. पण या मालिकेत नायकाचा प्रश्न नेहमी शेवटी येतो, आधी येतो मालकीचा. खान्देशात हे कुणाला समजावून सांगायला नको. उताऱ्यावर हिस्सेदार वाढले की रान पडीक राहतं, मग जमीन कितीही काळी असो.

वाद सुरू झाला तो लेखकाच्याच हातून. इयान फ्लेमिंगची पहिली बाँड कादंबरी 'कॅसिनो रोयाल' १९५३ ची. तिचे चित्रपटाचे हक्क त्यानं दोनच वर्षांत स्वस्तात विकून टाकले. पुढं १९६१ मध्ये निर्माता हॅरी साल्ट्झमननं बाकीच्या कादंबऱ्यांवर बोली लावली, तेव्हा पहिलंच पुस्तक बाहेर राहिलं होतं. साल्ट्झमनकडे करार होता, पण पैसा उभा राहिना. त्याला अल्बर्ट ब्रोकोली येऊन मिळाला. हक्क सांभाळायला दोघांनी जी कंपनी काढली, तिचं नाव डॅनजॅक. ब्रोकोलीची बायको डाना आणि साल्ट्झमनची जॅकलिन, दोघींच्या नावांची सुरुवात जोडून केलेलं. १९६२ मध्ये शॉन कॉनरीचा 'डॉक्टर नो' आला आणि गाडी रुळावर आली.

दुसरा हिस्सेदार केव्हिन मॅक्लोरी. त्यानं आणि आणखी एका पटकथाकारानं फ्लेमिंगसोबत बसून एक पटकथा रचली होती. सिनेमा झाला नाही, तेव्हा फ्लेमिंगनं तीच गोष्ट 'थंडरबॉल' या नावानं कादंबरी करून छापली. मॅक्लोरी कोर्टात गेला. १९६३ मध्ये तडजोड झाली आणि त्या कथेचे चित्रपटहक्क त्याच्या पदरात पडले. ब्लोफेल्ड हा खलनायक आणि त्याची 'स्पेक्टर' संघटना याच कथेतली, त्यामुळे पुढं तीही वादात अडकली.

याचा पडद्यावर काय परिणाम झाला ते बघायचं तर १९८१ च्या 'फॉर युअर आइज ओन्ली'ची सुरुवात पाहावी. चाकाच्या खुर्चीत एक टकला, मांडीवर पांढरी मांजर. बाँड त्याला हेलिकॉप्टरनं उचलून कारखान्याच्या धुराड्यात टाकतो. हा कोण, हे सगळ्या जगाला कळतं, पण चित्रपटात त्याचं नाव कुणीच घेत नाही. घेणार कसं? नाव दुसऱ्याच्या खात्यावर. १९८३ मध्ये तर कहर झाला. उदयपूरला चित्रित झालेला, कबीर बेदी आणि विजय अमृतराज असलेला रॉजर मूरचा 'ऑक्टोपसी' आणि मॅक्लोरीच्या हक्कांवर बेतलेला, खुद्द कॉनरीचा 'नेव्हर से नेव्हर अगेन' एकाच वर्षी झळकले. एका शेतात दोन नांगर. मॅक्लोरीच्या वारसांशी समझोता झाला तो थेट २०१३ मध्ये, आणि दोनच वर्षांत पुढच्या चित्रपटाचं नावच 'स्पेक्टर' ठेवलं गेलं. 'कॅसिनो रोयाल'चे हक्क १९९९ च्या तडजोडीत घरी आले होते, म्हणून २००६ मध्ये डॅनियल क्रेगची सुरुवात त्या पहिल्या पुस्तकावर होऊ शकली.

१९८९ ते १९९५ अशी सहा वर्षं बाँडच नव्हता, त्यामागंही स्टुडिओच्या विक्रीचं कोर्टप्रकरण होतं.

क्रेगचा शेवटचा, म्हणजे मूळ मालिकेतला पंचविसावा 'नो टाइम टू डाय' सप्टेंबर २०२१ अखेर भारतात लागला. महाराष्ट्रात मात्र कोरोनामुळं टॉकीजना कुलूप होतं, ते २२ ऑक्टोबरला निघालं. त्यानंतर पुन्हा तीच कथा. २०२२ मध्ये ॲमेझॉननं ८४५ कोटी डॉलरना एमजीएम हा बाँडचा स्टुडिओ घेतला, पण निर्मितीचा शब्द ब्रोकोलीची मुलगी बार्बरा आणि सावत्र मुलगा मायकल विल्सन यांच्याकडेच राहिला. पैसा एकाचा, हुकूम दुसऱ्याचा. अखेर २० फेब्रुवारी २०२५ ला फेरफार जाहीर झाला: कुटुंबाचा वाटा कायम, पण सिनेमा कसा काढायचा हे ॲमेझॉन ठरवणार. त्यानंतर चारच महिन्यांत दिग्दर्शक म्हणून डेनी विलनव्ह ठरला, पाठोपाठ लेखक म्हणून स्टीव्हन नाइट. कागद सुटला की कामं कशी भराभर होतात बघा.

गंमत म्हणजे फेरफार जाहीर झाला त्याच फेब्रुवारीच्या २८ तारखेला ॲमेझॉन एमजीएमचाच आणखी एक चित्रपट भारतात लागला, 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'. मालेगाव सरकारी कागदावर नाशिक जिल्ह्यात, पण बोलीनं आणि बाजारानं आपल्याला लागूनच. 'शोले' आणि सुपरमॅनची नक्कल तुटपुंज्या पैशांत काढणाऱ्या त्या गावानं आता मनात आणलं तर बाँडही काढता येईल. फ्लेमिंग १९६४ मध्ये वारला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळं वादातली 'थंडरबॉल' सोडली तर त्याच्या हयातीत छापलेल्या कादंबऱ्या १ जानेवारी २०२५ पासून इथं सगळ्यांना मोकळ्या आहेत. अहिराणी बोलणारा बाँड चालेल. फक्त घ्यायचा तो पुस्तकातला. ती प्रसिद्ध धून, बंदुकीच्या नळीतून दिसणारी सुरुवात आणि शून्य-शून्य-सातचं चिन्ह यांना हात लावला, तर नोटीस येईल.