सुतार येण्याआधी : भिंतीवरच्या वायरिंगबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहिती

“वायरवर पट्टी तर बसवली होती, मग वायर खराब झालीच कशी?” हा प्रश्न आम्हाला दर पावसाळ्यात विचारला जातो. त्याचे उत्तर फोनवर देण्यात आपला आणि आमचा दोघांचाही वेळ जातो, म्हणून ते येथे सविस्तर लिहून देत आहोत.

मुंबईतल्या पुष्कळ घरांत वायरिंग भिंतीच्या आत घालता येत नाही. जुन्या चाळींतल्या लाकडी सांगाड्याच्या भिंतींना झिरी मारायला गेले की गिलाव्याचे पोपडे हातात येतात. नव्या टॉवरमधल्या अखंड काँक्रीटच्या भिंतींत झिरी मारू द्यायला सोसायट्या सहसा तयार नसतात, आणि त्यांचे बरोबरच आहे, कारण आतली सळई उघडी पडली की आपल्या खाऱ्या हवेत ती गंजू लागते. मग वायर भिंतीवरूनच न्यावी लागते. त्यात कमीपणा काही नाही. नीट केलेली ओपन फिटिंग वर्षानुवर्षे टिकते आणि दुरुस्तीसाठी भिंत फोडावी लागत नाही.

केसिंग पट्टी वायरला धुळीपासून, झाडूच्या दांड्यापासून आणि सामान सरकवताना बसणाऱ्या धक्क्यापासून वाचवते. ड्रिल आणि स्क्रू यांच्यापुढे मात्र पीव्हीसीचे ते पातळ आवरण टिकत नाही. आमचे काम संपल्यावर घरात सुतार येतो, त्याला कपाट भिंतीला सपाट टेकवायचे असते, पट्टी आड येते, आणि मग तो एक तर पट्टी उखडून वायर कपाटाच्या पाठीमागे दाबून टाकतो किंवा सरळ पट्टीवरूनच स्क्रू मारतो. आमचा सर्वाधिक वेळ खाणारी चूक ती हीच. दोष सुताराचा नाही. आत काय आहे आणि कुठून जाते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

गेल्या पावसाळ्यात परळच्या एका घरी आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, रोज पहाटे पडत होता. घरच्यांनी फ्रिज, गिझर, मिक्सर सगळे आळीपाळीने बंद करून पाहिले होते. आम्ही एकेक सर्किट सोडवून 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरचे आवरण शाबूत आहे का हे मोजणाऱ्या उपकरणाने, तपासले, तेव्हा दोष स्वयंपाकघराच्या पॉवर लाइनवर असल्याचे कळले. मसाल्याच्या डब्यांमागचा एक स्क्रू काढल्यावर त्याच्या टोकावर तांब्याचा हिरवा गंज दिसला. कपाट बसवून दीड वर्ष झाले होते. कोरड्या दिवसांत खरचटलेल्या वायरने कुरकुर केली नाही. भिंतीला ओल येताच वीज झिरपू लागली. स्क्रू शोधायला जवळजवळ पूर्ण दिवस गेला, वायर बदलायला अर्धा तास पुरला.

एमसीबी का पडला नाही, असे तेथेही विचारले गेले. एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी बसवलेला आपोआप पडणारा स्विच, ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट ओळखतो. थोडीशी गळती त्याच्या खिजगणतीत नसते. घरातला आरसीसीबी साधारणपणे 30 मिलिअँपिअरचा, म्हणजे 0.03 अँपिअर गळतीलाच पडणारा असतो. पण फेजला टेकलेला स्क्रू कोरड्या लाकडात रुतलेला असेल, तर कोणी त्याला हात लावेपर्यंत आरसीसीबीलाही काही कळत नाही. स्क्रूने तांब्याच्या काही तारा तोडल्या असतील, तर जड उपकरण चालताना वायर तेवढ्याच जागी तापत राहते आणि दोन्हींपैकी एकही पडत नाही. तरीही आरसीसीबी वारंवार पडू लागला तर तो काढून लाइन “डायरेक्ट” करून घेऊ नये, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

पट्टीचे झाकण लावण्याआधी आम्ही प्रत्येक भिंतीचे, मोजपट्टी धरून, फोटो काढून ठेवतो. आपल्या कामाचे फोटो मागून घ्यावेत आणि सुताराच्या हाती द्यावेत. कपाट त्याच जागी हवे असेल तर वायरचा मार्ग आधीच बदलता येतो, किंवा तेवढ्या भागात अर्थिंग केलेला जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप घालता येतो, जो स्क्रूला सहजासहजी दाद देत नाही.

लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात भाव विचारून आलेले ग्राहक आमच्या अंदाजपत्रकातल्या पाइपवर बोट ठेवतात. जमिनीपासून पाच फुटांपर्यंत आम्ही पट्टीऐवजी आयएसआय मार्कचा जाड पाइप वापरतो, कारण खुर्ची, सिलिंडर आणि मुलांची सायकल याच उंचीवर आपटतात. पातळ आणि जाड पाइपमधला फरक भावात दिसतो त्याहून अंगठ्याने दाबल्यावर अधिक कळतो. नमुने आमच्या दुकानात ठेवलेले आहेत.

पोटमाळ्यावर उंदीर पीव्हीसी कुरतडतात, तेथेही धातूचा पाइपच घ्यावा. सरकत्या खिडकीच्या फटीतून एसीची वायर काढू नये. इंटरनेटची केबल टाकणाऱ्यांना आमची पट्टी उघडू देऊ नये. तिची वेगळी पट्टी फार महाग पडत नाही. वायर सोललेली दिसल्यास त्यावर टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नये, मेन स्विच बंद करून आम्हाला कळवावे.

आम्ही वायरिंग केलेल्या घरी सुतारकामाआधीची पाहणी विनामूल्य असते. दोष शोधण्याच्या कामाचे शुल्क मात्र तासांवर लावले जाते, तेव्हा आमचा माणूस येण्याआधी भिंतीला लागून असलेली कपाटे रिकामी करून ठेवावीत.