इन्स्पायर-मानक: पालकांना न मिळणारा फॉर्म आणि शाळेत अडकणारे नामांकन

दर पावसाळ्यात एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, इन्स्पायरचा फॉर्म कुठे मिळतो?" विचारणारी बहुतेक वेळा आई असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार, जन्मदाखला, उत्पन्नाचा दाखला आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिने मामलेदार कचेरीत अर्धा दिवस घालवलेला असतो. तो लागतच नाही. आणि फॉर्मही मिळत नाही, कारण पालकाने किंवा मुलाने भरायचा असा फॉर्मच या योजनेत नाही. नाव पाठवते ती शाळा, आणि तेही फक्त पोर्टलवरून.

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ही योजना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाच्या मदतीने चालते. मुलाने स्वतःला सुचलेली, रोजच्या जगण्यातली एखादी अडचण सोडवणारी कल्पना मांडायची. देशभरातून दहा लाख कल्पना याव्यात, त्यांतल्या एक लाख निवडाव्यात आणि त्या मुलांना प्रत्येकी १०,००० रुपये थेट बँक खात्यात द्यावेत, अशी तिची आखणी आहे. पुढे जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय प्रदर्शन.

पात्रता साधी आहे. पूर्वी सहावी ते दहावीची मुले चालत, आता बारावीपर्यंतची चालतात आणि वयाची मर्यादा १० ते १७ वर्षे आहे. शाळा सरकारी, अनुदानित किंवा खाजगी, मान्यताप्राप्त असली की पुरे. एका शाळेला पाच नावे पाठवता येतात. गुणांची अट नाही, उत्पन्नाची नाही, जातीच्या दाखल्याचीही नाही. तरीही कितीतरी शाळांत पहिल्या पाच नंबरांची मुले उचलून पाठवली जातात, जणू हे गुणवत्तेचे बक्षीस आहे. मागच्या बाकावरचा, घरी पंप दुरुस्त करणारा मुलगा त्यामुळे यादीत येतच नाही. शाळेने आधी आपल्यापुरती कल्पनांची स्पर्धा घ्यावी आणि त्यातून नावे निवडावीत, असे अपेक्षित आहे. ती खरोखर घ्या. एक तास पुरतो.

पहिली अडचण पासवर्डची. शाळेची नोंदणी एकदाच करायची असते. यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), शाळेचा ईमेल, मुख्याध्यापकांची माहिती भरली की विनंती जिल्हा पातळीवर जाते आणि मंजुरी मिळाल्यावर लॉगिन मिळते. पण आपल्या गोव्यात सरकारी हायस्कुलांत बदल्या होतात. नोंदणी ज्या शिक्षिकेने केली तिने स्वतःचा ईमेल दिलेला असतो, ती पेडण्याहून काणकोणला जाते आणि पासवर्डही तिच्याबरोबर जातो. मग कोणी तरी नवीन नोंदणी करू पाहतो आणि घोळ दुप्पट होतो. असे करू नका. जुन्या शिक्षिकेला फोन करा. ते जमत नसेल तर शाळेच्या लेटरहेडवर या योजनेचे काम पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला लिहून ईमेल बदलून घ्या, आणि या वेळी शाळेचा ईमेल द्या, माणसाचा नको.

यूडायस क्रमांक अकरा आकडी असतो आणि गोव्याचा ३० ने सुरू होतो. शाळेच्या बोर्डावरचा जुना आकडा डोळे झाकून टाइप करू नका, चालू यादीशी ताडून पाहा. फोंड्याच्या शाळांनी जिल्हाही तपासावा. हा तालुका २०१५ च्या जानेवारीत उत्तरेतून दक्षिण गोव्यात गेला, पण जुन्या कागदांवर अजून उत्तरच लिहिलेले सापडते. चुकीच्या जिल्ह्याकडे गेलेली विनंती कोणी परत पाठवत नाही. ती नुसती पडून राहते.

आता मुख्य दुखणे, बँकेचे पासबुक.

पैसे मुलाच्या खात्यात येतात. आईच्या नाही, शाळेच्या नाही. सहावीतल्या मुलाचे खाते नसणे आपल्याकडे अगदी साधी गोष्ट आहे. किंवा असते ते गावच्या पतसंस्थेत, कारण तिथला माणूस ओळखीचा आणि दर शनिवारी पिग्मी न्यायला दारात येतो. पतसंस्थेला स्वतःचा आयएफएससी, म्हणजे पैसे पाठवायला लागणारा बँकशाखेचा कोड, नसतो, सरकारचे पैसे तिथे थेट पोहोचत नाहीत. खाते बँकेतच हवे. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या नावाने खाते काढता येते, शून्य शिलकीचेही. काउंटरवर "अज्ञान मुलाचे खाते काढत नाही" असे उत्तर मिळाले तर आवाज न चढवता शाखा व्यवस्थापकाला भेटा. मी अशा खेपा पालकांबरोबर केल्या आहेत. दुसऱ्या खेपेला खाते निघते. पहिल्या खेपेला का निघत नाही, हे कोडे मला आजवर सुटलेले नाही.

खाते आधीपासून असेल तर पासबुकावरचा आयएफएससी पाहा. सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत १ एप्रिल २०२० पासून विलीन झाल्या. देना आणि विजया त्याच्या वर्षभर आधी बँक ऑफ बडोदात गेल्या. गोव्यात या बँकांच्या शाखा गावोगाव होत्या, म्हणून आता न चालणाऱ्या कोडची जुनी पासबुके अजून कपाटांत आहेत. मोठ्या भावाचे पासबुक नमुन्याला घेऊन त्यावरचा कोड उतरवला की काम फसले. बँकेतून नवे पासबुक छापून घ्या आणि कोड त्यावरूनच घ्या. खात्यात वर्षानुवर्षे व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय झालेले असते, तेही त्याच खेपेत विचारा.

आधारचा एक वेगळाच फास आहे. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारात बोटांचे ठसे नसतात. पाचव्या वर्षानंतर ते द्यावे लागतात, आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. पहिला बदल राहून गेलेली मुले सहावीत सर्रास भेटतात. कार्ड हातात असते, पण बँकेत पडताळणी होत नाही. पाचव्या इयत्तेतच हे उरकून घ्यावे, असे मी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत सांगतो. ऐकतात सगळे, करतात थोडे.

नावाचे काय? आपल्या गोव्यात हे प्रकरण जरा जास्तच रंगते. आजोबांच्या कागदावर पोर्तुगीज वळणाचे 'नाईक', त्याच्या रोमन अक्षरांत शेवटी क्यू-यू-ई. वडिलांनी 'के' वापरला. मुलाच्या जन्मदाखल्यात एक आणि आधारात दुसरे. गावकर, देसाई, शिरोडकर, परब, प्रत्येक आडनावाची दोन-तीन स्पेलिंगे घराघरांत आहेत. माणूस तोच, पण संगणकाला ते कळत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, आधारात आणि बँकेत मुलाचे नाव अक्षर न अक्षर सारखे हवे. बापाचे नाव मधे आहे की नाही, हेही जुळले पाहिजे. तिन्हींत सगळ्यात सोपे बदलणे आधार आणि बँकेचे. शाळेचे रजिस्टर आणि जन्मदाखला बदलायला गेलात तर चवथ (गणेशचतुर्थी) येईल आणि जाईल. म्हणून सहसा जन्मदाखला प्रमाण धरायचा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवायचे.

कागद जुळले तरी कल्पना नसेल तर सगळे फुकट. छाननीत पाहतात ते कल्पनेचे नावीन्य, समाजाला होणारा उपयोग, पर्यावरणाला त्रास नसणे, वापरायची सोय आणि आज जे उपलब्ध आहे त्यापेक्षा ती कुठे सरस ठरते. ज्वालामुखीचे मॉडेल, थर्माकोलचे धरण, बाजारातून आणलेला पावसाच्या पाण्याच्या संचयाचा संच, यूट्यूबवरून जसाच्या तसा उचललेला प्रयोग, यांतले काही टिकत नाही. आपल्याकडे कोडिंग आणि रोबोटिक्सची केअर्स योजना आल्यापासून एक नवा गैरसमज पसरला आहे: सेन्सर लावला की कल्पना नवी. संचातल्या पुस्तिकेत छापलेला अडथळा टाळणारा रोबो कोणाच्याच मुलाची कल्पना नव्हे.

विषय अंगणात आहेत. सत्तरीत गवे आणि रानडुकरे बागायतीत शिरतात. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतीच्या, बांधाला खेकडे भोके पाडतात आणि मानशीचे (पाणी आत-बाहेर सोडायच्या मोरीचे) दार भरती-ओहोटीच्या वेळेनुसार माणसाला सांभाळावे लागते. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, मिळत नाही म्हणून नारळ झाडावरच सुकतात. काजूच्या मोसमात बोंडूपासून बी पिळून काढताना आजीची बोटे सोलतात. मुलाने यांतले काही डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याला विचारा: तुझ्या घरी कोणाला कशाचा त्रास होतो? मग गप्प बसा.

आणि ते त्याला त्याच्या भाषेत सांगू द्या. आपल्या सरकारी प्राथमिक शाळांत चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी, आणि पाचवीपासून बहुतेकांना एकदम इंग्रजी. मूल विचार करते एका भाषेत आणि कागदावर उतरते शिक्षकाची दुसरी. या उलथापालथीत 'आजीची बोटे' निघून जातात आणि 'ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण' उरते. तपासणाऱ्याने असे वाक्य हजारदा वाचलेले असते. आधी मुलाच्या शब्दांत दहा ओळी लिहून घ्या: त्रास काय, आज लोक काय करतात, माझी युक्ती काय, ती कशाची बनेल. सोबत एक आकृती, मुलाने काढलेली, वाकडी असली तरी चालेल. भाषांतर त्यानंतर, आणि त्यात काही भर घालू नका.

शेवटच्या तारखेचे दोन घोळ. वर्तमानपत्रात छापून येते ती शाळेने पोर्टलवर नावे पाठवायची तारीख. पालक ती आपली तारीख समजतात आणि आदल्या दिवशी कल्पना घेऊन येतात. तोवर पाचही नावे गेलेली असतात. दुसरा घोळ शाळेचा: माहिती भरून जतन केली की काम झाले असे वाटते. जतन केलेले नामांकन मसुदाच असतो. ते जिल्ह्याकडे पुढे पाठवावे लागते, आणि पाठवल्यावर स्थिती बदललेली दिसते. त्या पानाचा प्रिंट काढून ठेवा. मुदत वाढते, हे खरे आहे. पण वाढेलच म्हणून थांबलेली शाळा मी पाहिली आहे. त्या वर्षी शेवटच्या दोन दिवसांत गावात वीज नव्हती.

२०२५ पासून आपल्याकडे वरच्या वर्गांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. तेव्हा मुले नव्या वर्गात ताजी असतात आणि बँकांत गर्दी कमी असते. कल्पनांची स्पर्धा आणि खात्यांचे काम तेव्हाच उरका, पोर्टल उघडायची वाट पाहू नका.

निवड झाली की यादी पोर्टलवर येते. ती शाळेने अधूनमधून उघडून पाहायची असते. मुलाच्या घरी पत्र येईल अशी आशा नको. १०,००० रुपये आले तर ते मॉडेल बनवण्यासाठी आणि जिल्हा प्रदर्शनात ते मांडण्यासाठी आहेत, गणवेशासाठी नव्हेत. खर्चाच्या पावत्या जपून ठेवा. राज्य पातळीवर निवडल्या गेलेल्या मुलांना मॉडेल सुधारण्यासाठी तज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळते, आणि राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्यांपैकी काही जण साकुरा या जपानच्या विज्ञान-देवाणघेवाण कार्यक्रमातून त्या देशातही जाऊन आले आहेत. तिथपर्यंत जायचे असेल तर पासपोर्टवरचे नावही जन्मदाखल्यासारखेच लागेल.