माशी खाणाऱ्या झाडाला खत घालू नका (प्लीज)

व्हीनस फ्लायट्रॅप घरी नेलं की महिन्याभरात व्हॉट्सॲपवर फोटो येतो, "झाड काळं पडलं, बदलून द्या". आम्ही विचारतो कुंडीत काय घातलंत, तर उत्तर ठरलेलं, काही नाही हो, चिमूटभर गांडूळखत.

तेच तर नको ना. हे झाड पोट भरायला माश्या खात नाही, पोट उन्हावरच भरतं, बाकीच्या झाडांसारखी साखर पानातच तयार होते. माशीतून त्याला हवा असतो नायट्रोजन आणि फॉस्फरस, कारण त्याचं मूळ गाव अमेरिकेतलं नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना, तिथल्या ओल्या आंबट जमिनीत हे फारच कमी. लांब कशाला, आपल्या कासच्या पठारावर पावसाळ्यात दवबिंदू नावाचं किडे खाणारं झाड उगवतं तिथंही तीच गत, कातळावर माती जेमतेम आणि तीही पावसाने धुतलेली, म्हणून ते पानावरच्या चिकट थेंबांवर चिलटं धरतं. (तिथलं आणून द्या म्हणू नका, उपटून आणलेली झाडं आम्ही ठेवत नाही.) अशा मुळांना खत झेपत नाही, जळतात.

बोअरच्या पाण्याचंही तसंच, कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला की समजा क्षार साठले. पावसाचं घाला नाहीतर एसीचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 50 पीपीएमच्या खाली हवा.

आणि माशीऐवजी चिकनचा तुकडा भरवू नका! तोंडाच्या (म्हणजे माशी पकडणाऱ्या पानाच्या) दोन्ही पाळ्यांवर आत साधारण तीन-तीन बारीक केस असतात, साधारण 20 सेकंदांत दोनदा धक्का लागला की तोंड मिटतं, पण पाचक रस सुटायला आत धडपड चालू राहावी लागते. माशी धडपडते, चिकन कुठलं धडपडतंय, ते आतच सडतं. माशी नाही मिळाली तरी चालेल, ऊन 5-6 तास पाहिजेच. एखादं जुनं तोंड काळं पडलं तर घाबरू नका, कात्रीने कापून टाका.

कुंडीतलं मिश्रण भुश्श्यासारखं दिसतं म्हणून लोक नावं ठेवतात, एवढ्या पैशात चांगली माती तरी द्यायची म्हणतात, पण ते पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (पांढरे हलके खडे) मुद्दाम आहे. त्याचं तयार पाकीट काउंटरवर मिळेल, इथून घेतलंत तर कुंडी आम्हीच बदलून देतो, मजुरी नाही. खत घातलेलं झाड मात्र बदलून मिळणार नाही. तक्रार असेल तर कुंडीसकट या, नुसत्या फोटोवरून काही कळत नाही.