समोरून सरळ, बाजूने वाकडा

परवा पेपरासोबत एक पत्रक आलं. डावीकडे नागमोडी कण्याचा एक्स-रे, उजवीकडे ताठ कण्याचा, आणि खाली ठळक अक्षरांत ‘छोट्या छिद्रातून ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी घरी’. आर्वीकडच्या आमच्या खेड्यांत कंबरेतून एका अंगाला कललेली म्हातारी गल्लीआड सापडते, त्यामुळे पत्रक हातोहात फिरलं. दोन्ही एक्स-रे समोरून काढलेले आहेत, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मोठ्या माणसाच्या स्कोलिओसिसमध्ये खरी गोष्ट बाजूने काढलेल्या एक्स-रेत असते.

कणा बाजूला 10 अंशांहून जास्त वळला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. हा कोन मोजण्याची पद्धत अमेरिकन सर्जन जॉन कॉब यांनी 1948 मध्ये मांडली, ती आजही चालते. काहींचा शाळेच्या वयातला बाक पुढे वाढत जातो. काहींचा पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू होतो, कारण मणक्यांमधल्या गाद्या आणि मागचे सांधे एका बाजूने जास्त झिजतात. पायाळू माणसाने लाथ मारली की पाठीतली चमक जाते म्हणणारे अजून आहेत. हाडं ठिसूळ झालेल्या बाईच्या पाठीत लाथ घातली, तर चमक राहील आणि वर मणका मोडेल.

आता बाजूने बघू. डोक्यावर भारा घेऊन धुऱ्याने चालणारी बाई तो पायांच्या रेषेत ठेवते. भारा जरा पुढे गेला की मान, पाठ, मांड्या भरून येतात. आपलं डोकं हाही असाच भारा. मानेच्या शेवटच्या मणक्यापासून ओळंबा सोडला, तर तो कण्याच्या तळाच्या त्रिकास्थीच्या मागच्या कोपऱ्याजवळ पडायला हवा. तो 5 सेंटिमीटरहून जास्त पुढे पडला की तोल गेला असं साधारण मानतात. वय झालेल्यांना थोडी सूट देतात. मग शरीर जुगाड करतं. कंबरेचा कडा, म्हणजे खुब्यांना जोडणारं हाडांचं कडं (पेल्व्हिस), मागे फिरतो, गुडघे वाकतात. एसटी स्टँडवर दोन्ही हात मांड्यांवर टेकून उभी असलेली, चार पावलं चालून ओटा शोधणारी मावशी हेच करत असते. बाजूच्या बाकापेक्षा या पुढच्या झुकावाचा त्रासाशी जास्त जवळचा संबंध असतो.

कंबरेला आतला बाक किती हवा, हे माणसागणिक ठरतं. त्रिकास्थीच्या वरच्या पृष्ठाच्या मध्यावर एक लंब काढा, आणि त्याच मध्यापासून खुब्याच्या सांध्यांपर्यंत दुसरी रेघ. त्या दोहोंतला कोन म्हणजे पेल्व्हिक इन्सिडन्स. वाढ पूर्ण झाली की तो जवळपास बदलत नाही. कोणाचा 40, कोणाचा 70. कंबरेचा बाक या आकड्याच्या आगेमागे 10 अंशांत असावा, असा ठोकताळा आहे. म्हणजे 40 अंशांचा बाक 45 वाल्या बाईला पुरतो; 70 वाली तेवढ्याच बाकावर पुढे झुकलेली राहते. ऑपरेशन तेच, स्क्रू तेच, निकाल वेगळा! एमआरआय बहुधा निजवूनच काढतात, त्यात हा तोल कळत नाही. त्यासाठी उभ्याने काढलेला पूर्ण कण्याचा एक्स-रे लागतो.

ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत या कसोटीवरच अडखळली. मणक्यांना हुक अडकवून सळईने कणा जॅकसारखा ताणायचा. समोरून तो छान सरळ व्हायचा, पण सळई कंबरेपर्यंत खाली गेली की आतला बाकही ताणला जाऊन पाठ सपाट व्हायची, आणि काही वर्षांनी माणूस पुढे झुकायचा. आता मणक्यामणक्यात स्क्रू बसवून सळईला हवा तो बाक देता येतो. कणा ताठरला असेल तर मागचे सांधे काढून एका पातळीला साधारण 10 अंश मिळतात. मणक्यातून पाचरीसारखा तुकडा काढला तर 30 च्या आसपास. पण त्यात रक्त खूप जातं आणि नसांना धोका वाढतो.

पत्रकातली ‘छोटी छिद्रं’ खोटी नाहीत. कुशीतून शिरून झिजलेल्या गादीच्या जागी पिंजरा (आधाराचा पोकळ ठोकळा) बसवला की उंची मिळते, बाजूचा बाकही बराच निघतो, रक्त कमी जातं. वाट मात्र मांडीच्या नसा असलेल्या स्नायूतून जाते, त्यामुळे मांडी बधिर किंवा अशक्त होऊ शकते; बहुतेकदा ते ओसरतं. मोठा, ताठरलेला झुकाव एकट्या या वाटेने सहसा सुटत नाही.

मुख्य तक्रार पायात उतरणाऱ्या कळा असतील, तर नुसती नस मोकळी करणं पुरतं का, हे आधी पाहावं. दबलेली नस सैल पडावी म्हणून काही जण पुढे झुकतात. ती सुटली की आपोआप ताठ उभे राहतात. उलट बाजूने, हाड जास्त कोरलं तर कणा आणखी ढासळू शकतो.

स्क्रू पकडतात ते हाडालाच, म्हणून आधी हाडांची घनता तपासतात. तंबाखू बंद करायला लावतात, कारण सळईने धरलेले मणके जुळून एक व्हायला हवेत, आणि निकोटीन हाड जुळण्यात अडथळा आणतं. आपल्याकडे यात खर्राही आला. हाड जुळलं नाही तर सळई तुटते, कधी सांधलेल्या भागाच्या लगेच वरचा कणा पुढे कोलमडतो, आणि पुन्हा टेबलावर जावं लागतं.

सळई छातीच्या मणक्यांपासून कंबरेच्या कड्यापर्यंत नेली, की कंबर वाकणं जवळपास संपतं. उभं राहणं, चालणं सुधारतं. पण निंदायला बसणं, चुलीपुढे ओणवं होणं, जमिनीवरून उठणं अवघड होतं. जिचा दिवस त्यातच जातो, तिच्यासाठी आखूड सांधणी करून थोडा बाक तसाच ठेवायचा का, हे सर्जनने तिला विचारूनच ठरवायला हवं.