दुर्बिणीने मुतखडा काढणे: यूआरएस आणि लॅप्रोस्कोपी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, घामावाटे पाणी निघून जाते, लघवी दाट होते आणि मुतखड्याचा त्रास बळावतो. मोठा खडा मूत्रवाहिनीत, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीत, अडकला की ‘दुर्बिणीने काढू’ असे रुग्णाला सांगितले जाते. मात्र दुर्बिणीच्या दोन शस्त्रक्रिया आहेत आणि नातेवाइकांची गल्लत तिथेच होते.

यूआरएसमध्ये (युरेटेरोस्कोपी) लघवीच्या मार्गातून बारीक दुर्बीण मूत्राशयात आणि तेथून मूत्रवाहिनीत नेतात व होल्मियम लेझरने खडा फोडतात. अंगावर एकही छेद येत नाही आणि मूत्रवाहिनीतील बहुतेक खड्यांना ही पद्धत पुरेशी ठरते. लॅप्रोस्कोपीत पोटावर तीन-चार छिद्रे घेऊन बाहेरून मूत्रवाहिनी गाठतात, तिला छेद देऊन अख्खा खडा काढतात आणि छेद शिवतात.

छिद्रांच्या धास्तीने अनेक जण यूआरएसचाच आग्रह धरतात, पण तो नेहमी हिताचा नसतो. खडा १५ मिलिमीटरहून मोठा, मूत्रवाहिनीच्या वरच्या भागात आणि बराच काळ रुतलेला असेल, तर जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या त्या नळीत, सुजलेल्या अस्तराला चिकटलेला खडा फोडताना तुकडे मूत्रपिंडाकडे सरकू शकतात, अस्तराला इजा होऊन पुढे नळी आकसू शकते आणि पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. लॅप्रोस्कोपीत मुक्काम थोडा वाढतो, शिवणीतून लघवी झिरपण्याचा धोकाही असतो. तरीही अशा निवडक रुग्णांत खडा एकाच खेपेत पूर्ण निघण्याची शक्यता अधिक, म्हणून तो पर्याय मोठे ऑपरेशन समजून नाकारू नये.

किडनी वाचण्यासाठी पद्धतीहून वेळ महत्त्वाची. दुखणे थांबले म्हणजे खडा पडला असे नव्हे; खड्याने लघवी अडून तुंबलेली किडनी मुकाट्याने निकामी होत जाते. गडचिरोली-गोंदियाहून नागपूर गाठेपर्यंत दुखणे अंगावर काढणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. तुंबलेल्या किडनीसोबत थंडी वाजून ताप आला, तर खडा बाजूला ठेवून आधी डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत आतून ठेवायची बारीक नळी) किंवा पाठीतून किडनीत नळी घालून लघवी मोकळी करावी लागते. किडनी काढण्याचा निर्णयही, ती अशी मोकळी करून व तिची कार्यक्षमता स्कॅनने तपासूनच घेणे योग्य.

दोन्ही शस्त्रक्रियांनंतर बहुधा डीजे स्टेंट ठेवतात. तो काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्यावी, कारण विसरलेल्या स्टेंटवरच नवा खडा साचतो.